राहूचं धड

गेल्या वर्षापासून आमच्या कॉलेजात मला कोणी नावानं हाक मारीत नाही. कॅन्टीनमधला पोऱ्यादेखील "राहू, तुझा कटिंग!" असंच ओरडतो. परवा ग्रंथालयात पुस्तक परत करायला गेलो, तर मॅडमनी कार्डावरचं नाव वाचलं, चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "अरेच्चा, हे तुझं नाव होय?" सुरुवातीला मला याची मोठी मौज वाटायची. ती मौज कशी ओसरली, हे सांगण्यासाठीच हा लेखनप्रपंच.

ज्यांनी मागचं स्नेहसंमेलन पाहिलं नाही त्यांच्यासाठी आधी थोडी पार्श्वभूमी. राहू हे आमच्या चौघांच्या बँडच्या गायकाचं सोंग. अर्धा चेहरा काळा, अर्धा पांढरा, अंगात आईच्या जुन्या जरीच्या काठांचा झगा, गळ्यापासून खाली सगळं काळं. अंधारात नुसतं मुंडकंच तरंगतंय असं दिसावं, अशी योजना. आणि त्या झग्याच्या आत कोण? तर हजेरीला "प्रेझेंट सर" म्हणतानाही ज्याचा आवाज पहिल्या बाकापर्यंत पोचत नाही, असा मी!

माझा हा भित्रेपणा उपजत नाही. आम्ही आगाशीकडचे. घरी आजोबा अजून अस्सल वाडवळी बोलतात. बाबा मात्र रोज सकाळी विरारच्या फलाटावर वाडवळी ठेवून गाडीत चढतात आणि संध्याकाळी परत येताना ती उचलून घेतात. मुंबईच्या कचेरीत त्यांचा एक वेगळाच आवाज असतो. फोनवर साहेबाशी बोलताना तो मी ऐकलेला आहे. मला ही ठेवण्या-उचलण्याची कला साधली नाही. प्रथम वर्षाला असताना एकदा वर्गात उत्तर देताना माझ्या तोंडून घरचा एक शब्द निसटला आणि मागचे दोन बाक खो खो हसले. काही फार मोठी गोष्ट नव्हे; हसणारे दुसऱ्या मिनिटाला विसरलेही असतील. मी मात्र त्या दिवसापासून बोलणंच कमी करून टाकलं.

मला गाता येतं हा शोध लागला तो माझ्या मित्रामुळे. त्याचं नाव मी इथे मुद्दाम देत नाही. तो निर्मळच्या पुढचा, कुपारी ख्रिस्ती कुटुंबातला. घरची केळीची वाडी, पानवेली, मागच्या अंगाला बावखल. त्या बावखलाशेजारी पूर्वी अवजारं ठेवायची एक खोली होती, तीच आमची तालमीची जागा. चर्चच्या गायनवृंदात लहानपणापासून वाजवीत आल्यामुळे की-बोर्ड आणि गिटार ही दोन्ही वाद्यं त्याच्या बोटांत बसलेली. मला गिटार त्यानंच शिकवली. सहा महिने माझी बेसूर तारछेड त्यानं ऐकून घेतली. एकदाही "सोड रे, तुला जमायचं नाही" असं म्हणाला नाही. दुपार झाली की त्याची आजी, लाल लुगड्यातली, ठेंगणीशी, दारात येऊन आम्हाला तिच्या बोलीत जेवायला हाक मारायची. तांदळाची भाकरी आणि सुक्या बोंबलांचं कालवण! त्या घरात मी जितकं जेवलो, तितकं माझ्या मामाकडेही जेवलो नसेन.

फ्रेडी मर्क्युरीची गोष्ट मला याच खोलीत कळली. 'क्वीन' या बँडचा गायक म्हणून नाव ऐकून होतो. पण हा माणूस आपल्या पाचगणीत शिकला हे मला कुठे ठाऊक होतं? मित्रानं ते सांगितलं तेव्हा आधी मला थापच वाटली. पण ते खरंच आहे. फारूख बलसारा हे त्याचं मूळ नाव. ५ सप्टेंबर १९४६ रोजी झांझिबारला एका पारशी घरात त्याचा जन्म झाला, आणि आठ वर्षांचा असताना आई-वडिलांनी त्याला बोटीनं हिंदुस्थानात पाठवलं, ते पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेच्या वसतिगृहात. फारूखचा फ्रेडी झाला तो इथेच. वरच्या दंतपंक्तीत जादा दात असल्यामुळे त्याचे पुढचे दात पुढे आलेले, आणि सोबतची मुलं त्यावरून त्याला चिडवीत. शाळेतच त्यानं मित्रांबरोबर 'द हेक्टिक्स' नावाचा बँड काढला. गंमत अशी, की त्या बँडचा मुख्य गायक तो नव्हताच! तो आपला मागे पियानोवर.

१९६३ मध्ये तो झांझिबारला परतला. पुढच्याच वर्षी तिथे क्रांती झाली आणि बलसारा कुटुंब इंग्लंडला गेलं. फ्रेडीनं ईलिंगच्या कलाशाळेत ग्राफिक डिझाइनचं शिक्षण घेतलं. १९७० च्या सुमारास 'क्वीन' निघाली आणि त्यानं बलसारा हे आडनाव टाकून मर्क्युरी घेतलं. मर्क्युरी म्हणजे बुध! तो लाजरा मुलगा एक ग्रह पांघरून रंगमंचावर गेला. १३ जुलै १९८५ रोजी वेम्ब्लीच्या मैदानावर सुमारे बहात्तर हजार माणसांना त्यानं जेमतेम वीस मिनिटांत आपल्या हाताच्या इशाऱ्यावर नाचवलं. पण रंगमंचावरून खाली उतरल्यावर तो परक्या माणसांत बुजणारा, मुलाखतींना टाळाटाळ करणारा गृहस्थ होता, असं त्याला ओळखणारे सांगत आले आहेत.

ही गोष्ट ऐकून मला काय वाटलं असेल ते वेगळं सांगायला नको. म्हणजे लाजरेपणा हा गायकाच्या वाटेतला धोंडा नव्हे तर! फक्त एक ग्रह हवा.

त्यातच डेव्हिड बोवीची भर पडली. त्याचं खरं नाव डेव्हिड रॉबर्ट जोन्स. त्यानं तर १९७२ मध्ये एक अख्खं पात्रच निर्माण केलं, झिगी स्टारडस्ट. तांबडे-नारिंगी केस, रंगवलेला चेहरा, परग्रहाशी नातं सांगणारा एक काल्पनिक रॉक गायक. आणि बोवी त्या गायकाच्या रूपात खरोखरच्या मैफली करीत असे. मूकनाट्य तो लिंडसे केंपकडे शिकला होता. कान्साई यामामोतो या जपानी वेशकारानं त्याच्यासाठी पोशाख केले, आणि त्यांत काबुकी रंगभूमीची छाया होती. काबुकीत स्त्रियांच्या भूमिका पुरुष करतात हे वाचलं आणि मी दचकलो. कारण अगदी तशीच एक व्यक्ती आमच्या घरात पडवीतल्या आरामखुर्चीवर बसून सुपारी कातरीत होती.

होय, आमचे आजोबा! तरुणपणी गावच्या हौशी नाटकमंडळीत ते स्त्रीपार्ट करीत. 'एकच प्याला'तली सिंधू त्यांनी तीन वर्षं लागोपाठ केली. नऊवारीतला त्यांचा एक पिवळा पडलेला फोटो आजीनं हयातभर ट्रंकेच्या तळाशी ठेवला होता. तो पाहुण्यांना दाखवायची कोणाची प्राज्ञा नव्हती. मी राहूचं सोंग रंगवायला घेतलं तेव्हा बाबांनी कपाळाला आठ्या घातल्या, पण आजोबा मात्र उठून आरशाजवळ आले. मी जलरंग फासत होतो. ते पाहून म्हणाले, "बाळा, तोंड भाजेल त्यानं. आधी हात कोरडे कर. आमच्या वेळी सफेदा लावायचो, तोही बोटानं नाही, तळव्यानं." आणि त्या ऐंशी वर्षांच्या थरथरत्या तळव्यानं त्यांनी माझा अर्धा चेहरा पांढरा केला.

रंगवता रंगवता ते बालगंधर्वांविषयी बोलत होते. त्यांचा सुवर्णकाळ आजोबांनी पाहिलेला नाही, तबकड्यांवर ऐकलेला. नारायण श्रीपाद राजहंस हे बालगंधर्वांचं नाव. 'मानापमान'मधली भामिनी, 'स्वयंवर'मधली रुक्मिणी, 'एकच प्याला'तली सिंधू या त्यांच्या गाजलेल्या भूमिका. त्या काळच्या बायका लुगडं कसं नेसावं, अंबाड्यात फूल कसं खोवावं, हे त्यांच्याकडे पाहून शिकत. १२ मार्च १९११ रोजी 'मानापमान'चा पहिला प्रयोग होता आणि त्याच दिवशी त्यांची लहान मुलगी गेली. तरी प्रयोग झाला. भामिनी रंगमंचावर आली आणि गायली. मुलीचा बाप आत कुठे होता, ते तोच जाणे.

"भामिनी कोण होती आजोबा?" मी विचारलं, "नारायणराव, की दुसरंच कोणी?"

आजोबा म्हणाले, "हलू नकोस, रंग फाटतोय." उत्तर त्यांनी दिलं नाही. चेहरा पुरा झाल्यावर मात्र खोबरेलाची बाटली माझ्या पिशवीत टाकली. "खेळ संपला की आधी हे. तोंड धुतल्याशिवाय कोणाशी बोलायचं नाही."

मी ती बाटली पिशवीतून बाहेरसुद्धा काढली नाही.

आता त्या संध्याकाळविषयी. पहिली दोन गाणी झाली आणि मला कळलं, की माझ्या अंगात काहीतरी संचारलंय. सभागृह काळोखात, समोरचे चेहरे दिसत नाहीत, आणि माझा आवाज शेवटच्या रांगेच्या मागच्या भिंतीवर आपटून परत येतोय! मी हात वर केला की टाळ्या, हात खाली केला की शांतता. प्रथम वर्षाला हसलेले ते दोन बाक आता राहूच्या नावानं ओरडत होते. फ्रेडीला वेम्ब्लीवर काय वाटलं असेल ते मला आमच्या त्या पंख्यांच्या खरखरत्या सभागृहात कळलं, असं मी म्हणालो तर हसू नका. शहाळ्यातलं पाणी काय नि विहिरीतलं काय, तहानेला सारखंच.

तिसऱ्या गाण्यापूर्वी गिटारची तार तुटली. ती बदलीपर्यंत वेळ काढायला हवा होता. आपल्या संमेलनात फिशपॉन्डची परंपरा आहेच. तेव्हा राहू बोलू लागला. प्राचार्यांवर एक कोटी केली, कॅन्टीनच्या चहावर एक. हशा झाला, आणि तो ओसरू लागला. ओसरणारा हशा फार भीतीदायक असतो. राहूला आणखी हशा हवा होता. तेव्हा त्यानं की-बोर्डवर बसलेल्या माझ्या मित्राकडे बोट दाखवलं आणि त्याच्या आजीच्या आवाजात, तिच्या बोलीत, आम्हाला जेवायला हाक मारली.

ते वाक्य मी इथे लिहीत नाही. लिहिलं तर पुन्हा एकदा नक्कल केल्यासारखं होईल.

सभागृह कोसळलं. मी आणखी दोन वाक्यं त्याच सुरात म्हणालो. मान हलवण्याची तिची लकबसुद्धा केली. तेवढ्यात तार बसली, गाणं सुरू झालं. मित्राची बोटं पट्ट्यांवर होती, पण पहिल्या आवर्तनात त्यातून सूर आला नाही. दुसऱ्यापासून तो नेहमीसारखाच अचूक वाजवू लागला. शेवटचं गाणं संपून दिवे लागले तेव्हा मला पाचव्या रांगेत लाल लुगडं दिसलं. नातवाचं वाजवणं ऐकायला आजी प्रथमच आमच्या कॉलेजात आली होती. तिची नात मला नंतर म्हणाली, की सगळे हसताहेत हे पाहून आजीही हसली होती, मग तिनं नातीला विचारलं, "कोणाला हसतायत गं?"

रंगपटात मित्र की-बोर्ड गुंडाळीत होता. मी अजून रंगात होतो, अंगातही आणि तोंडावरही. तो काही बोलेना, तेव्हा मीच म्हणालो, "अरे, मनावर घेऊ नकोस. तो मी नव्हतो, राहू बोलत होता."

त्यानं पिशवीची चेन लावली आणि म्हणाला, "ठीक आहे. मग राहूला घरी पाठव, आजीची माफी मागायला."

त्यानंतर तालमी बंद पडल्या. कोणीतरी नेमका तेवढाच तुकडा मोबाइलवर टिपून वर्गाच्या गटावर टाकला. पुढले दोन महिने मैदानात, जिन्यात, गाडीच्या डब्यात पोरं मला पाहून ते वाक्य म्हणत आणि मित्र जवळून जात असला तरी थांबत नसत. आमचं बरोबर जाणं-येणं तुटलं. वसईच्या फलाटावर तो पुढच्या डब्याकडे उभा राही, मी मागच्या.

मी मात्र माझ्या बचावाला चिकटून होतो: ते पात्र होतं. पात्राच्या तोंडचे शब्द म्हणजे नटाचे शब्द नव्हेत, हे तर आपण मराठीच्या तासाला शिकतो. खलनायकाची भूमिका करणाऱ्याला कोणी तुरुंगात घालतं का? सोंगाड्याला तर तमाशात राजालाही बोलायची मुभा असते. असली पुष्कळ प्रमाणं मी मनाशी जमवली होती, आणि ती सगळी खरीही आहेत. पंचाईत एवढीच, की मुद्दे मांडून झाले तरी पाचव्या रांगेतलं लाल लुगडं डोळ्यांसमोरून हलत नसे.

मग मी बोवीविषयी पुढचं वाचलं. झिगीच्या रूपानं जग जिंकल्यावर त्याला त्या सोंगाची भीती वाटू लागली. कुठे झिगी संपतो आणि कुठे आपण सुरू होतो हे त्याचं त्याला कळेना. ३ जुलै १९७३ रोजी लंडनच्या हॅमरस्मिथ ओडियनमध्ये भर मैफलीत त्यानं हा आपला शेवटचा प्रयोग असल्याचं जाहीर केलं. बोवी थांबला नाही, झिगी थांबला. बँडमधल्या दोघा साथीदारांनादेखील त्यानं आधी सांगितलं नव्हतं. हे ठीकच झालं म्हणायचं. पण १९७६ मध्ये त्याचं दुसरं एक सोंग होतं, 'थिन व्हाइट ड्यूक' नावाचं: पांढरा सदरा, काळं जाकीट, बर्फासारखा थंड उमराव. त्या काळात मुलाखतींतून त्यानं हिटलरची आणि फॅसिझमची भलामण वाटावी अशी विधानं केली. तो उमराव बोलत होता, की अमली पदार्थांनी पोखरलेला एक तरुण बोलत होता, यावर अजूनही लोक लिहितात. पण मला महत्त्वाचं वाटलं ते निराळंच. आपण फॅसिस्ट नाही असा खुलासा पुढे करावा लागला तो ड्यूकला नव्हे, डेव्हिड बोवीला. खेद वाटला तो त्याला. ड्यूक केव्हाच खुंटीवर लटकला होता. खुंटीवरचं जाकीट माफी मागू शकत नाही.

आणि तेव्हा मला आजोबांनी न दिलेलं उत्तर आठवलं. म्हणजे ते त्यांनी नंतर एकदा, निराळ्याच संदर्भात, दिलं होतं. १९२० नंतरच्या काळात गंधर्व नाटक मंडळी कर्जात बुडाली. नादारी घ्या, मोकळे व्हा, असं सांगणारे पुष्कळ होते म्हणतात. बालगंधर्वांनी ते ऐकलं नाही. वर्षानुवर्षं खेळ करून त्यांनी ते कर्ज फेडलं. आजोबा म्हणाले होते, "शालू नेसली रुक्मिणी, अत्तर लावलं रुक्मिणीनं, पण सावकाराच्या वहीत नाव होतं नारायण राजहंसाचं. आणि त्यानं ते नाकारलं नाही."

मराठीत भूमिकेला आपण 'पात्र' म्हणतो. पात्र म्हणजे भांडंसुद्धा. भांडं आपणहून काही ओकत नाही. आपण त्यात जे ओतलं असेल तेच त्यातून सांडतं. राहूच्या भांड्यात मी काय ओतलं होतं? प्रामाणिकपणे शोधू लागलो तेव्हा तळाशी तो प्रथम वर्षाचा तास सापडला, निसटलेला वाडवळी शब्द आणि मागच्या बाकांचं हसणं. ते हसणं पुन्हा माझ्यावर येऊ नये म्हणून मी ते दुसऱ्याच्या घराकडे वळवून दिलं होतं, आणि तेही अशा घराकडे, जिथली बोली माझ्या घरच्या बोलीची सख्खी शेजारीण. सोंगाड्या राजाला, पाटलाला बोलतो. म्हणून त्याला मुभा. मी ज्या म्हातारीच्या हातची भाकरी खाल्ली तिला बोललो. फ्रेडीला दातांवरून चिडवीत हे मला तोंडपाठ होतं, त्याबद्दल मला कळवळाही होता. पण कळवळा पाचगणीपर्यंत पोचला आणि निर्मळला पोचला नाही.

राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरासाठी आम्ही जव्हारकडे गेलो होतो तेव्हा तिथल्या बोहाड्याविषयी गावकऱ्यांकडून ऐकलं होतं. आपल्याच पालघर जिल्ह्यात जव्हार-मोखाड्याच्या आदिवासी पाड्यांत देवदैत्यांचे मुखवटे चढवून रात्रभर संबळाच्या ठेक्यावर सोंगं नाचवतात. कोणतं सोंग कोणत्या घराण्यानं नाचवायचं हे ठरलेलं. तिथे सोंग ही कोणाची खासगी मालमत्ता नसते; ते गावाचं असतं आणि रात्रीपुरतं असतं. एका गावकऱ्याला मी विचारलं होतं, "मुखवटा चढवल्यावर तुम्हाला काय वाटतं?" तो म्हणाला, "जड वाटतं." त्या वेळी मला ते उत्तर फार साधं वाटलं होतं. मला राहू फार हलका वाटला होता, चूक तिथेच झाली होती.

पुराणातल्या राहूची गोष्ट सगळ्यांना माहीत आहे. देवांचं सोंग घेऊन तो अमृताच्या पंगतीत बसला. सूर्यचंद्रांनी ते मोहिनीच्या ध्यानात आणून दिलं आणि त्याचं मस्तक धडावेगळं झालं. हे नाव आम्ही निवडलं ते नुसतं ऐकायला भारी वाटतं म्हणून. मुंडकं अमर झालं, सगळीकडे फिरू लागलं, पण त्याला हात नाहीत जोडायला आणि पाय नाहीत कोणाच्या दारी जायला! हे माझ्या फार उशिरा ध्यानात आलं. माफी मागायला धड लागतं.

शेवटी मे महिन्यातल्या एका रविवारी मी निघालो. आगाशीहून एस.टी. घेतली आणि बावखलाजवळ उतरलो. सगळी सोंगं आणता येतात, पण पैशाचं आणता येत नाही, अशी आपल्याकडे म्हण आहे. त्या दिवशी मला आणखी एक न आणता येणारं सोंग कळलं. रस्ताभर मी वाक्यं जुळवीत होतो, आणि दारात पोचल्यावर एकही उरलं नाही. आजी ओट्यावर फुलांच्या पुड्या बांधीत बसली होती. मी पायरीवर बसलो आणि कसंबसं म्हणालो, "आजी, त्या दिवशी मी चुकलो."

तिनं माझ्याकडे पाहिलं. दोन पुड्या बांधून झाल्या. मग तिच्या बोलीतच म्हणाली, "कर बघू पुन्हा. मला नीट ऐकू आलं नव्हतं."

मला वाटलं, ती रागावून बोलतेय. पण तसं नव्हतं. तिला खरोखरच ऐकायचं होतं, आपण लोकांना कशा ऐकू येतो ते. मी तोंड उघडलं. समोर ती, उजेड लख्ख, माझं तोंड स्वच्छ धुतलेलं. आवाज फुटेना. ज्या वाक्यावर सभागृह कोसळलं होतं, त्यातला पहिला शब्ददेखील माझ्या जिभेवर चढेना. मी मान खाली घातली. डोळे भरून आले, ते तिला दिसू नयेत म्हणून फुलांकडे पाहत राहिलो.

आजी जरा वेळानं म्हणाली, "नातीनं करून दाखवलं मला. तू चुकीचं बोललास. आम्ही असं म्हणत नाही." आणि तिनं ते वाक्य मला बरोबर म्हणून दाखवलं. एक स्वर मी उगाच लांबवला होता. तो तिच्या बोलीत आखूडच आहे. हशा मिळाला होता तो नेमका त्या लांबवलेल्या स्वराला. म्हणजे सभागृह हसलं ते तिच्या बोलीला नव्हेच, मी बनवलेल्या एका खोट्या बोलीला! मग ती उठून आत गेली आणि आतून तिनं मला जेवायला हाक मारली, त्याच वाक्यानं. मी उठलो.

मित्र घरी होता. पानावर माझ्या समोरच बसला. "काय म्हणतोस?" "बरंय." एवढंच बोलणं झालं. इथे हा निबंध संपवता आला असता तर किती बरं झालं असतं! पण खरं सांगायचं तर तो अजून पूर्वीसारखा झालेला नाही. हल्ली फलाटावर आम्ही एकाच डब्याजवळ उभे राहतो. यंदाच्या संमेलनात वाजवशील का म्हणून मी दोनदा विचारलं; दोन्ही वेळा म्हणाला, "बघू." त्याचा "बघू" रास्त आहे. आजीनं तिच्यापुरतं मिटवलं. त्याच्यापुरतं मिटवायचा अधिकार त्याचा.

राहूला मी मारलेलं नाही. बोवीसारखी घोषणा करण्याइतका मी थोर नाही, आणि त्या सोंगानं मला आवाज दिला हेही खरं आहे. सोंगं वाईट असतात असं मला मुळीच म्हणायचं नाही. पाचगणीच्या त्या दातांवरून चिडवल्या जाणाऱ्या मुलाला त्याचा बुध मिळाला नसता, तर आपण केवढ्या गाण्याला मुकलो असतो! २४ नोव्हेंबर १९९१ रोजी फ्रेडी वारला, तेव्हा त्याचे अंत्यविधी जरथुष्ट्री पद्धतीनं झाले. जग मर्क्युरीला रडत होतं, आणि दस्तुरांनी प्रार्थना म्हटल्या त्या बलसारांच्या फारूखसाठी. सोंग कितीही मोठं झालं तरी मागे एक घरचं नाव असावंच लागतं.

झगा आमच्या घरी खुंटीवर आहे. यंदा गायलो तर तो घालीन, चेहराही आजोबांकडूनच रंगवून घेईन. फक्त खोबरेलाची बाटली या वेळी पिशवीच्या तळाशी नसेल, हाताशी असेल. आणि तार तुटली तर तार बसेपर्यंत गप्प उभा राहीन.

जाता जाता एक सांगतो. या लेखाविषयी वार्षिकांकाच्या विद्यार्थी-संपादकाशी बोलत होतो, तेव्हा तो म्हणाला, "अरे, खाली 'राहू' अशीच सही टाकू. तुझं नाव टाकलं तर कोण वाचणार?" त्याचं म्हणणं व्यवहाराला धरूनच आहे. पण मी त्याला हात जोडून सांगितलं, की हजेरीला जे नाव पुकारतात तेच टाक. आणि हजेरीला मी हल्ली जरा मोठ्यानं "प्रेझेंट" म्हणतो. सरांना विचारा हवं तर.